नट-बोल्टांचे बळ
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 शिक्षण, वसतिगृह, विवाहखर्च, शिष्यवृत्त्या अशा महत्त्वाच्या विषयांवर येथे आजवर अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले आहेत. चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘नट-बोल्टांचे बळ’ असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “विषय जरा व्यापक घेतला असता तर बरे झाले असते.” मी त्यांना म्हणालो, “चिटणीससाहेब, आपण बसला आहात ती खुर्ची ज्या चार बोल्टांवर उभी आहे, त्यांच्याहून व्यापक विषय निदान या क्षणी तरी आपल्यापुरता दुसरा नाही.” त्यांनी हसून विषय मान्य केला.

विनोद बाजूला ठेवू. आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी भाता आणि ऐरण होती. आज त्याच घरांतील मुले लेथ चालवितात, कोणी लहानसे कारखाने काढले आहेत, कोणी हार्डवेअरची दुकाने थाटली आहेत, कोणी इंजिनिअर होऊन मोठ्या हुद्द्यांवर गेले आहेत. या सर्वांच्या हातांखालून रोज शेकडो बोल्ट जातात. तथापि बोल्ट धरतो तो कशाच्या जोरावर, असे विचारले तर दहांपैकी नऊ जण ‘जाडीच्या जोरावर’ किंवा ‘पोलादाच्या जोरावर’ असे उत्तर देतील. हे उत्तर अर्धेच खरे आहे. बोल्ट धरतो तो मुख्यतः ताणाच्या जोरावर. तो किती ताणलेला आहे, आणि तो ताण सोसण्याची त्याची कुवत किती, या दोन गोष्टी कळल्या की नट-बोल्टांचे निम्मे शास्त्र कळले. आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच. बाकीचे सारे त्याचे विवरण होय.

हे सूत्र परदेशी पुस्तकांतून आपल्याकडे आले असे कोणी समजू नये. आपल्या आजोबांच्या हातांना ते ठाऊक होते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव कशी चढवीत, हे येथील वृद्ध मंडळींनी पाहिले असेल. चाकाच्या लाकडी घेरापेक्षा धाव मुद्दामच किंचित लहान करीत. मग ती जाळात तापवीत. चार फूट व्यासाच्या चाकाची धाव पाचशे अंश तापली, की तिचा परीघ दोन सेंटिमीटरांहून थोडा अधिकच वाढतो. तशीच ती लाल-काळी धाव सांडशीने उचलून चाकावर बसवीत आणि वरून पाणी ओतीत. निवताना धाव आकसू पाहते, लाकूड तिला आकसू देत नाही. म्हणून ती जन्मभर ताणलेली राहते आणि आरे, तुंबा व घेर यांना आवळून धरते. तेथे खिळ्याचे काम दुय्यम. खरे काम ताणाचे. उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव ढिली झाली म्हणजे शेतकरी चाक पाण्यात बुडवून ठेवीत असे, ते हरवलेला ताण परत आणण्यासाठीच. पुलांच्या रिव्हेटांचेही असेच आहे. लालबुंद रिव्हेट ठोकतात, तो निवताना आखडतो आणि पत्र्यांना एकमेकांवर दाबून ठेवतो. बोल्टमध्ये उष्णतेचे हेच काम पाना करतो, एवढाच फरक.

आता थोडे मूलभूत यंत्रशास्त्र पाहू. ताणले असता पदार्थ लांबतो, आणि जेवढा भार अधिक तेवढे लांबणे अधिक, हा नियम इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली प्रसिद्ध केला. भार काढून घेतला की पदार्थ मूळ लांबीवर येतो; या गुणाला स्थितिस्थापकता म्हणतात. परंतु याला मर्यादा आहे. एका हद्दीपलीकडे ताणले की पोलाद नमते, म्हणजे भार काढला तरी थोडे लांबलेलेच राहते. याहूनही पुढे ताणले की तुटते. एक नमण्याची मर्यादा आणि दुसरी तुटण्याची मर्यादा, अशा या दोन मर्यादा होत. भार किती हे नुसते सांगून भागत नाही. तो किती क्षेत्रावर पडला हेही सांगावे लागते. दर चौरस मिलिमीटरवर येणाऱ्या या भाराला प्रतिबल म्हणतात आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. एक किलोग्रॅम वजनाचा भार म्हणजे सुमारे दहा न्यूटन, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

येथे पुष्कळांची एक गैरसमजूत असते, ती दूर करणे इष्ट आहे. मऊ पोलाद जास्त लवचिक आणि कठीण पोलाद जास्त ताठर, असे आपण समजतो. वस्तुतः हद्दीच्या आत दोन्ही पोलादे सारख्याच भाराला जवळजवळ सारखीच लांबतात. फरक आहे तो हद्द कोठे येते यात. मऊ बोल्ट लवकर नमतो, बळकट बोल्ट उशिरा नमतो. म्हणून बळकट बोल्टला अधिक ताणता येते. त्याचा खरा लाभ हाच आहे.

आता आकड्यांकडे वळू. बारा मिलिमीटरचा बोल्ट घ्या. आट्यांची खोली वजा जाता भार सोसणारे त्याचे क्षेत्र ८४.३ चौरस मिलिमीटर धरतात. बोल्टच्या डोक्यावर ‘८.८’ असा आकडा आपण पाहिला असेल. पुष्कळ दुकानदार तो कारखान्याचा क्रमांक समजतात. तसे नाही, त्या आकड्यात बोल्टची सारी कुंडली आहे. पहिल्या आकड्याला शंभरने गुणले की तुटण्याची मर्यादा मिळते : आठशे न्यूटन दर चौरस मिलिमीटरला. टिंबापुढील आकडा सांगतो की नमण्याची मर्यादा तिच्या आठ-दशांश, म्हणजे ६४० आहे. याच न्यायाने ४.६ वर्गाचा बोल्ट ४०० ला तुटतो आणि २४० ला नमतो, १०.९ वर्गाचा हजारांना तुटतो आणि ९०० ला नमतो, १२.९ वर्गाचा बाराशेंना तुटतो आणि १०८० ला नमतो. याखेरीज प्रत्येक वर्गाला एक कसोटीभार ठरवून दिला आहे. तेवढा भार देऊन काढून घेतला तर बोल्ट कायमचा लांबता कामा नये. आपल्या बारा मिलिमीटरच्या ८.८ बोल्टचा कसोटीभार सुमारे ४८,९०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ पाच टन येतो. त्याच जाडीच्या ४.६ बोल्टचा कसोटीभार सुमारे १९,००० न्यूटन, म्हणजे दोन टनांहूनही थोडा कमीच. दोन्ही बोल्ट दिसायला सारखे, आटे सारखे, पानाही तोच; परंतु एक दुसऱ्याच्या अडीचपट.

बोल्ट आवळताना तो कसोटीभाराच्या सुमारे तीन-चतुर्थांशापर्यंत ताणावा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. आपल्या ८.८ बोल्टसाठी हा ताण ३६,७०० न्यूटन, म्हणजे पावणेचार टन होतो. अध्यक्ष महोदय, बोटाएवढ्या जाडीच्या त्या तुकड्याला माणूस एका हाताने पावणेचार टनांनी ताणतो! ही किमया कशी घडते? आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार, आणि पाना म्हणजे तरफ. तीस सेंटिमीटरच्या पान्याने एक पूर्ण फेरा दिला की हात सुमारे १,८८५ मिलिमीटर फिरतो आणि नट सरकतो अवघा पावणेदोन मिलिमीटर. हिशेबाने जोर हजारपटीहून अधिक वाढावयास हवा. प्रत्यक्षात मात्र पान्याच्या टोकाशी सुमारे तीस किलोंचा जोर लावावा तेव्हा पावणेचार टनांचा ताण मिळतो; म्हणजे पट फक्त सव्वाशे. उरलेले गेले कोठे? घर्षणाने खाल्ले. आपल्या श्रमांपैकी निम्मे नटाच्या बैठकीखालच्या घर्षणात जातात, चार-दशांशांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात जातात, आणि बोल्ट ताणण्यासाठी रुपयातले जेमतेम दहा पैसे उरतात.

या दहा पैशांच्या गोष्टीत मोठा धोका दडलेला आहे. घर्षण थोडे कमी झाले की तो सारा फायदा ताणाकडे जातो. वर सांगितलेला जोर कोरड्या बोल्टसाठी आहे. त्याच बोल्टला चांगले वंगण लावले आणि पान्यावर तोच जोर दिला, तर ताण पावणेचार टनांवर थांबत नाही. थेट पाच टनांवर, म्हणजे कसोटीभाराच्या उंबरठ्यावर जाऊन पोहोचतो. तेलकट हाताने बोल्ट उचलणे आणि कोरड्या हाताने उचलणे यांत एवढे अंतर पडते. म्हणून टॉर्क पान्याचा आकडा वाचताना तो कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे आधी वाचावे. आणि तोच जोर ४.६ वर्गाच्या बोल्टला दिला तर? त्याची तुटण्याची मर्यादाच ३३,७०० न्यूटन. तो हातातच तुटेल. हातात तुटला तर देव पावला म्हणावयाचे. नुसताच नमून गप्प बसला तर पुढचा अनर्थ अटळ.

आपले जुने मिस्त्री म्हणतात, “आम्हांला पान्याचे आकडे नकोत, हाताला समजते.” त्यांच्या हातांबद्दल मला अतीव आदर आहे, माझे पहिले गुरू तेच. परंतु हाताला समजतो तो हाताचा श्रम. बोल्टचा ताण नव्हे. सहा मिलिमीटरचा साधा बोल्ट वीस सेंटिमीटरच्या पान्यावर पाच किलोंचा जोर दिला तरी तुटू शकतो. उलट चोवीस मिलिमीटरचा ८.८ बोल्ट नीट आवळावयाचा तर साठ सेंटिमीटरच्या पान्यावर सुमारे १३० किलोंचा जोर हवा. तो एकट्या माणसाचे काम नव्हे. परिणाम असा की, एकाच हाताने लहान बोल्ट तुटतात आणि मोठे ढिले राहतात. लहानास कमी शिक्षा आणि मोठ्यास जास्त शिस्त, हा न्याय येथे चालतो.

कोणी विचारील, की एवढे ताणावयाचे तरी कशाला? नुसता नट बसविला तर काय बिघडते? याचे उत्तर नीट ऐकावे, कारण बहुतेक अपघातांचे मूळ येथे आहे. दोन जाड तबकड्या बोल्टने आवळल्या आहेत आणि यंत्र चालताना त्यांना एक टनाचा भार पुनःपुन्हा ओढतो आहे, असे समजा. बोल्ट ढिला असेल तर प्रत्येक फेऱ्याला तो सारा टन बोल्टवर येतो आणि जातो. बोल्ट पावणेचार टनांनी ताणलेला असेल, आणि तबकड्या बोल्टच्या चौपट ताठर असतील, तर त्या टनाचा फक्त एक-पंचमांश बोल्टला जाणवतो. उरलेला भाग तबकड्यांवरचा दाब थोडा हलका करण्यात खर्च होतो. पोलाद एकदा पडलेल्या मोठ्या भाराने सहसा मरत नाही. लहान भाराच्या लाखो हेलकाव्यांनी मरते. याला धातूचा शिणवटा म्हणतात. आगगाड्यांचे आस पुनःपुन्हा का मोडतात, याचा शोध घेताना जर्मनीतील ऑगस्ट वोलर यांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात हे प्रयोगाने दाखवून दिले. तात्पर्य, घट्ट आवळलेला बोल्ट दमत नाही आणि ढिला बोल्ट दमून मरतो. संसारातही पुष्कळदा असेच दिसते, परंतु तो आजचा विषय नव्हे.

पत्रे एकमेकांवरून सरकू पाहतात तेथेही हेच. बोल्टने आडवे उभे राहून कातर सोसावी, असे आपण समजतो. चांगल्या जोडात बोल्ट पत्र्यांना दाबून ठेवतो आणि पत्र्यांमधील घर्षणच त्यांना सरकू देत नाही. पावणेचार टनांचा दाब आणि घर्षणाचे प्रमाण एक-पंचमांश धरले, तर प्रत्येक बोल्टमागे पाऊण टन सरकभार नुसत्या घर्षणावर पेलला जातो.

हा ताण मिळविण्याइतकेच टिकविणेही अवघड आहे. ४३५ न्यूटन प्रतिबलाला शंभर मिलिमीटर लांबीचा बोल्ट किती लांबतो? अवघा ०.२ मिलिमीटर, दोन-तीन केसांच्या जाडीइतका. आपला सारा विश्वास या दोन केसांवर असतो. नटाखाली रंगाचा थर राहिला, वॉशरखाली कचरा राहिला, आणि कालांतराने तो ०.०५ मिलिमीटर दबला, तर चौथा हिस्सा ताण गेला. आणि बोल्ट पंचवीस मिलिमीटरच लांब असेल तर? त्याचे एकूण लांबणेच ०.०५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सारा ताण गेला. आखूड बोल्ट वारंवार ढिले का होतात, याचे हे कारण आहे. म्हणून बैठक स्वच्छ असावी, रंग जोडाबाहेर असावा, आणि नवे यंत्र थोडे चालल्यावर बोल्ट पुन्हा तपासावेत.

नटाविषयीही दोन शब्द सांगतो. नटाच्या सर्व आट्यांवर भार सारखा वाटला जातो, ही कल्पना चुकीची आहे. बैठकीजवळचा पहिला आटाच सुमारे एक-तृतीयांश भार घेतो. पुढचे क्रमाने कमी घेतात. यास्तव नट दुप्पट जाड केल्याने बळ दुप्पट होत नाही. नटालाही वर्ग असतो, ८.८ बोल्टला निदान ८ वर्गाचा नट हवा. बोल्ट तुटावा, पण आटे सोलले जाऊ नयेत, असा यामागील हेतू आहे; कारण तुटलेला बोल्ट दिसतो आणि सोललेला आटा दिसत नाही. उघड दोषापेक्षा झाकलेला दोष अधिक घातक, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

हे वर्ग, ही मापे, हे आकडे कोणी ठरविले? पूर्वी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा असे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमधील निरनिराळ्या कारखान्यांतील स्क्रू गोळा केले, त्यांचा मध्य काढला आणि पंचावन्न अंशांचा एकच आटा सुचविला. असे एकमत नसले म्हणजे काय होते, हे फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने पाहिले. मोठी आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले. पाणी होते, माणसे होती. परंतु पुष्कळांच्या नळ्यांचे आटे तेथल्या नळांना बसेनात. पंधराशेंहून अधिक इमारती जळाल्या. आपल्या देशात १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली. तिचे कार्य १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो करीत आहे. १ ऑक्टोबर १९५८ पासून आपण मेट्रिक मापे स्वीकारू लागलो. आटे असलेल्या पोलादी बोल्टांसाठी आयएस १३६७ हे मानक आहे. मी वर दिलेले वर्ग त्यात सापडतील. असे असूनही आपल्या बाजारात अजून ‘चार सुताचा बोल्ट’ मागितला जातो. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. बारा मिलिमीटरच्या बोल्टवर अर्ध्या इंचाचा नट एक-दोन फेरे चढतो, मग अडतो. जोर केला की आटे मोडतात. ‘बसतो आहे’ आणि ‘जुळतो आहे’ यांत फार अंतर आहे.

हे अंतर केवढे असू शकते, याचे एक उदाहरण देतो. १० जून १९९० रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून निघालेल्या विमानाची समोरची काच १७,३०० फुटांवर निखळून उडाली आणि मुख्य वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, दुय्यम वैमानिकाने विमान खाली उतरविले आणि सुदैवाने सर्व जण वाचले. चौकशीत दिसून आले की, ती काच आदल्याच दिवशी बसविली होती. तिच्या नव्वद बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने ०.०२६ इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही कमी इतके बारीक होते. उरलेले सहा आखूड होते. बसविणाऱ्याने जुना बोल्ट हातात घेऊन नजरेने जोड शोधला होता. माणूस कामसू होता, अनुभवी होता. चुकला तो एवढाच, की पुस्तकात पाहण्याऐवजी त्याने डोळ्यांवर विश्वास ठेवला.

यावरून कोणी म्हणेल, ‘तर मग सर्वत्र सर्वांत बळकट बोल्टच वापरावा, संशयच नको.’ तरुणपणी माझेही मत तेच होते. त्या मताची किंमत मी नव्हे, दुसऱ्याने दिली. ती हकिकत मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही. आज या तरुण मंडळींसाठी सांगतो.

१९७९ सालचा पावसाळा. एका कारखान्यात मी नुकताच इंजिनिअर म्हणून लागलो होतो. एका मोठ्या प्रेसचे बोल्ट वारंवार गंजत. मी त्या जागी १२.९ वर्गाचे बोल्ट मागविले आणि गंजू नयेत म्हणून बाहेर पाठवून त्यांवर जस्ताचा चकचकीत मुलामा देवविला. शनिवारी संध्याकाळी आम्ही ते टॉर्क पान्याने, हिशेब करून, बिनचूक आवळले. सोमवारी सकाळी पाहतो तो दोन बोल्टांची डोकी जमिनीवर पडलेली. रविवारभर प्रेस बंद होता; कोणी हात लावलेला नव्हता. कोणीतरी जास्त आवळले असावे, असे मी ठरवून टाकले आणि आमच्या एका वृद्ध कारागिराला ते दोन बदलून बाकीचे तपासावयास सांगितले. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. मामांचा हात आत असतानाच तिसरा बोल्ट तुटला, पट्टी सरकली आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

प्रयोगशाळेत कारण उघड झाले. मुलामा देण्यापूर्वी बोल्ट आम्लात धुतात. त्या वेळी आणि विजेने मुलामा चढताना हायड्रोजन निर्माण होतो आणि पोलादात शिरतो. साध्या बोल्टला त्याचे काही वाटत नाही. परंतु अतिशय कठीण पोलाद ताणाखाली असले म्हणजे हा हायड्रोजन ताण पडलेल्या जागी हळूहळू जमतो, पोलाद ठिसूळ करतो, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट पूर्वसूचनेशिवाय मोडतो. आपले लोहार म्हणत की जास्त पाणी दिलेली पहार काचेसारखी मोडते. त्या वचनाचाच हा दुसरा अवतार. १०.९ आणि त्यावरील वर्गांना मुलामा देताना फार सावध राहावे लागते. मुलामा दिलाच तर तो ताबडतोब दोनशे अंशांच्या आसपास भट्टीत काही तास तापवून हायड्रोजन घालवावा लागतो, आणि १२.९ ला असा मुलामा शक्यतो देऊच नये. मुलामा देणाऱ्याचा यात काही दोष नव्हता. बोल्टचा वर्ग मी त्याला सांगितलाच नव्हता. मामांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. पुढे ते डाव्या हाताने पाना धरावयास शिकले. त्यांचा तो डावा हात मी अद्याप विसरलेलो नाही.

हे अज्ञान केवळ माझ्यासारख्या नवशिक्याचे होते असेही नाही. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या नव्या पुलाच्या पायाशी जस्त चढविलेले, तीन इंच व्यासाचे ९६ दांडे ताणले गेले. काही दिवसांतच त्यांपैकी ३२ मोडले. कारण हेच : हायड्रोजनाने आलेला ठिसूळपणा. साधने अद्ययावत, तज्ज्ञ नामांकित. परंतु पोलादाने त्यांची भीड बाळगली नाही.

शेवटचा मुद्दा खोट्या आकड्यांचा. मऊ पोलादाच्या बोल्टवर ८.८ चा ठसा उमटविण्यास एक साचा पुरतो. असे बोल्ट बाजारात येतात, हे येथील दुकानदारांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. अमेरिकेत खोट्या ठशांचे बोल्ट इतके बोकाळले, की १९९० साली त्यांच्या कायदेमंडळाला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ठसा हा बोल्टने दिलेला शब्द आहे. गिऱ्हाईक तो शब्द वाचून आपले यंत्र, आपला पाळणा, आपले छप्पर त्याच्या हवाली करते. खोटा ठसा विकणारा दोन रुपये मिळवितो आणि कोणा अनोळखी मामांची बोटे गहाण टाकतो. आपल्या वाडवडिलांनी घडविलेल्या कोयत्यावर ठसा नव्हता. घडविणाऱ्याचे नावच ठसा होते, आणि कोयता वाकला तर गिऱ्हाईक दारात येऊन उभे राही. आज गिऱ्हाईक दारात येत नाही, म्हणून जबाबदारी कमी होत नाही, ती वाढते.

बंधुभगिनींनो, माझी आपणांस मोठी मागणी नाही. आपल्यापैकी ज्यांची दुकाने आहेत त्यांनी वर्गाचा आणि कारखान्याचा ठसा नसलेला बोल्ट बळकट म्हणून विकू नये, आणि मोठ्या मालाबरोबर तपासणीचा दाखला मागून घ्यावा. ज्यांचे कारखाने आहेत त्यांनी पान्याला पाइप लावून आवळण्याची चाल बंद करावी. निदान एक चांगला टॉर्क पाना घ्यावा आणि तो वेळोवेळी तपासून घ्यावा. जो बोल्ट एकदा नमला तो पुन्हा वापरू नये. आणि जी मुले तंत्रशाळांत शिकत आहेत त्यांनी हाताचे कौशल्य आणि पुस्तकातला आकडा यांत भांडण आहे असे मानू नये. हात नसेल तर आकडा पांगळा, आणि आकडा नसेल तर हात आंधळा.

आपले चिटणीस ज्या खुर्चीवर बसले आहेत तिचे बोल्ट मी व्याख्यानापूर्वी तपासले आहेत. तीन घट्ट आहेत, चौथा मी आवळून ठेवला आहे.